तिसऱ्या खांबाचा क्यूब

सासऱ्यांचा क्यूब चांगला निघाला की पूर्वी सुवर्णाला मनातल्या मनात हसू यायचं. हल्ली धडकी भरायची.

त्या शनिवारीही तेच झालं. सिन्नरच्या औद्योगिक वसाहतीतला काँक्रीटचा प्लांट, त्याच्यामागं पत्र्याची खोली आणि खोलीत क्यूब फोडायचं यंत्र. क्यूब म्हणजे काँक्रीटचा चौकोनी ठोकळा, विटेपेक्षा थोराड. जो माल गाडीतून बांधकामावर जातो त्यातलाच थोडा लोखंडी साच्यात भरायचा, दुसऱ्या दिवशी सोडवून पाण्यात ठेवायचा आणि ठरल्या दिवशी यंत्रात घालून फोडायचा. ठोकळा किती जोर सोसतो त्यावरून तिकडं खांबात नि स्लॅबमध्ये गेलेला माल कसा आहे ते कळतं. निदान कळायला हवं. सुवर्णानं ठोकळा ठेवला, यंत्र चालू केलं. काटा चढत चढत कालच्या जागी आला, परवाच्या जागी आला, गेले कित्येक महिने जिथं येत होता नेमका तिथं आला, आणि ठोकळा धाडकन फुटला.

तिनं यंत्र बंद केलं आणि येरझाऱ्या घालायला लागली. खोली एवढीशी, चार पावलं टाकली की भिंत.

"काँक्रीट असं वागत नाही," ती यंत्रालाच म्हणाली.

खरंच नाही वागत. वाळू एक दिवस ओली असते, एक दिवस कोरडी. खडी कधी गोलसर येते, कधी चपटी. ऊन बदलतं, सिमेंटची खेप बदलते, आणि बटणांपुढं बसलेला माणूस घरी भांडून आला असेल तर पाण्याचा अंदाजही बदलतो. कितीही चांगला प्लांट असू दे, आकडे थोडे खाली-वर होणारच. ते किती होतात ते बघायचं आणि आवाक्यात ठेवायचं, यासाठीच तर सुवर्णाला पगार होता. आणि इथं महिनोन्महिने चढ नाही की उतार नाही. हे सगळं कॉलेजात शिकलेली बाई इतके दिवस काय करत होती, असं कुणी विचारलं असतं, तर खरं उत्तर होतं, की खूश होत होती.

सगळं सुरू झालं ते सावळीराम उगल्यांना घरी बसवेना तेव्हापासून. सावळीराम म्हणजे सुवर्णाचे सासरे. त्यांची बरीचशी जमीन औद्योगिक वसाहतीत गेली होती. विहिरीपाशी टमाट्यापुरता तुकडा उरला होता. जन्मभर चार माणसांचं काम केलेला माणूस तेवढ्या तुकड्यावर दुपारपर्यंत मोकळा व्हायचा, आणि मग ओट्यावर बसून घरातल्या प्रत्येकाच्या कामात चुका काढायचा. सासूबाई, सखुबाई, एक दिवस सुनेला म्हणाल्या, "बाई, तुझ्या कंपनीत यांना कुठंतरी चिकटव, नायतर मीच कुठंतरी चिकटते." सुवर्णानं त्यांना क्यूब भरायच्या कामावर घेतलं. साच्याला तेल कसं लावायचं, माल तीन थरांत कसा भरायचा, सळईनं कसा ठासायचा, थापीनं वरून कसा सारखा करायचा, हे तिनं स्वतः शिकवलं. शेवटी म्हणाली, "फक्त नीट भरा, आण्णा."

आण्णांनी असे नीट भरले, की बघत राहावं. कडा शाबूत, तोंड गुळगुळीत, एक भोक शोधून सापडायचं नाही. पुण्याहून प्लांटचे सल्लागार आले, त्यांनी एक ठोकळा हातात घेऊन आरशासारखा फिरवला आणि म्हणाले, एवढा एकसारखा माल मी जिल्ह्यात पाहिला नाही. मग पुढची गोष्ट आपोआप आली. आकड्यांत चढउतार फार असेल तर एखादी गाडी कमजोर निघेल या भीतीनं सगळ्याच गाड्यांत थोडं जास्त सिमेंट घालावं लागतं. चढउतारच नसेल तर ती भीती कशाला आणि ते जास्तीचं सिमेंट तरी कशाला? हिशेब नियमाला धरून होता. सुवर्णानं केला, दोनदा तपासला आणि सिमेंट कमी करायच्या कागदावर सही केली. मॅनेजर रविराज आहेरनं पेढे वाटले. वाळूचा ओलावा ती रोज तपासायची, तेही तिनं आठवड्यावर आणलं. एवढं सगळं एकसारखं चाललंय तर रोज कशाला?

मग गेल्या आठवड्यात आण्णा एका लग्नाला गेले आणि क्यूब सुवर्णानं स्वतः भरले. आज सकाळी तेही फोडले होते. एक आण्णांच्या क्यूबइतकाच भक्कम निघाला. दुसऱ्याचा काटा निम्म्यातून थोडा वर गेला आणि थकल्यासारखा थांबला. तिसरा त्या दोघांच्या मध्ये कुठंतरी. आपला हात बिघडलाय, असं तिनं स्वतःला सांगून पाहिलं. ते तिला पटलं नाही.

आणि सोमवार तोंडावर आला होता. करंजवाडीला पाण्याची उंच टाकी होत होती. खांब उभे राहिले होते, तेही कमी सिमेंटच्या मालात, आण्णांच्या क्यूबच्या भरवशावर. सोमवारी वरचं भांडं ओतायचं होतं. एकदा ते भांडं वर बसलं आणि पाण्यानं भरलं की खांबांची चौकशी करायची वेळ गेली. करंजवाडीत आण्णांची लेक शुभांगी दिली होती. तिचं घर टाकीला लागूनच होतं, तिच्या पोरांनी खांबांच्या सावलीत लगोरी मांडली होती. रविराजनं तर त्या दिवशी सगळ्यांसमोर आण्णांना शाल-नारळ द्यायचंही ठरवलं होतं.

रविवारी सकाळी ती विहिरीवरच्या तुकड्यात गेली. घरात तिचा पाय ठरत नव्हता. नवरा ज्ञानेश अंबडच्या कंपनीत पाळीला गेला होता, बोलायला कुणी नव्हतं. आण्णा टमाट्याचे क्रेट भरत बसले होते आणि सखुबाई तोडलेला माल आणून त्यांच्यापुढं ओतत होत्या. सुवर्णा मदतीला वाकली आणि वाकलेलीच राहिली.

आण्णांचे हात चालले होते. बारका, हिरवट, थोडा मऊ पडलेला माल तळाला. त्याच्यावर बरा माल. आणि सगळ्यात वर एकसारखे, लालबुंद, टणक टमाटे, एकेक पुसून, देठ खाली करून. क्रेट भरून झाला की ते मान तिरकी करून बघायचे आणि एखादा टमाटा फिरवून ठेवायचे. फसवाफसवीचा भाव त्यांच्या चेहऱ्यावर कुठंही नव्हता. मुलीला बघायला पाहुणे यायचे असले की आई तिची वेणी घालते, तेवढ्याच मायेनं ते वरचा थर लावत होते.

"आण्णा," सुवर्णा म्हणाली, "क्यूब भरताना माल निवडता का तुम्ही?"

"म्हंजे? निवडल्याबिगर कसा भरायचा?" आण्णांनी वर पाहिलंसुद्धा नाही. "चपटी खडी काढून टाकतो. पानी सुटलं आसंल तर निथळू देतो. वरनं जरा घट माल घालतो, म्हंजे तोंड भरून येतं."

"आणि गाडीतला मालच पातळ असला तर?"

"मग त्यातला घेतच नाय. मागची गाडी येऊ देतो, तिच्यातला घेतो. साहेब लोकांपुढं जायाचा माल हाय तो. कसापन देऊन चालंल का?"

सुवर्णा सरळ उभी राहिली. ती बांधापर्यंत गेली, परत आली, पुन्हा बांधापर्यंत गेली.

"हिला काय मुंग्या चावल्या?" सखुबाईंनी विचारलं.

"आण्णा, क्यूब दाखवायला नसतो हो," सुवर्णा एकदम म्हणाली. तिचा आवाज तिलाच मोठा वाटला. "खांबात जो माल गेला तोच, तसाच त्यात यायला पाहिजे. चपट्या खडीसकट. पाण्यासकट. वाईट असेल तर वाईट."

"आन् वाईट निघाला तर? प्लांटची अब्रू? तुझी अब्रू? घरातलं कुनी वेशीवर टांगतं का?"

"निघाला तर कळेल! कळायलाच तर करतो आपण ते सगळं. तुमचे चांगले क्यूब बघून मी सिमेंट कमी केलं, आण्णा. सगळा माल तसाच आहे असं समजून केलं. आणि माल तसा नाहीये."

आण्णांचे हात थांबले. "तूच म्हनाली व्हतीस, नीट भरा."

ती तसंच म्हणाली होती.

"मी चिमूटभर शिमिट घरी आनलं नाय," आण्णा उभे राहिले. पोटऱ्यांना माती लागली होती, ती झटकायचं भान नव्हतं. "कुनाच्या काडीला हात लावला नाय. आन् सून मला सांगती, मी खोटेपना केला म्हनून."

"खोटेपणा म्हणत नाहीये मी."

"मग काय म्हन्तीस?"

"करंजवाडीचे खांब कसे आहेत ते मला माहीत नाही, असं म्हणतेय. कुणालाच माहीत नाही. उद्या त्यांच्यावर टाकी बसणार आहे."

करंजवाडीचं नाव निघालं तसे आण्णा मागं वळले. मग खाली वाकून त्यांनी क्रेट उचलला आणि बांधाकडं चालू लागले. सखुबाई कमरेवर हात ठेवून त्यांच्या पाठीकडं बघत राहिल्या. "मी बाजारात गेले ना, तर आधी तळाला हात घालते," त्या म्हणाल्या. "वरचं कुनाचं बी चांगलंच आसतं. यांना आयुष्यभर सांगते, घालनारे हात घालत्यात. पन नाय."

त्या दिवशी आण्णा जेवायला पानावर आलेच नाहीत. ताट झाकून ठेवलं, ते तसंच राहिलं.

सोमवारी सकाळी सुवर्णा प्लांटवर सगळ्यांच्या आधी पोचली आणि रविराजची मोटार फाटकातून आत येताच तिला आडवी गेली.

रविराज वाईट माणूस नव्हता. त्याला फक्त आज वाईट बातमी नको होती. पंप करंजवाडीला पोचला होता, दोन गाड्या भरत होत्या, पाणीयोजनेचे इंजिनिअर गायधनी साहेब निघाले होते आणि सरपंचांनी मांडव घातला होता. त्यानं सगळं ऐकून घेतलं, मोबाइल या हातातून त्या हातात केला आणि विचारलं, "पुरावा?"

"मी भरलेले क्यूब. एक तर निम्म्यावर फुटला."

"मॅडम, जरा विचार करा. त्यांचे सगळे क्यूब उत्तम, तुमचे तीनपैकी दोन खराब. कुणीही काय म्हणेल? क्यूब खराब भरला की खराबच फुटतो, हे तुम्हीच पोरांना शिकवता ना? मी गायधनींना काय सांगू, आमच्या मॅडमना क्यूब भरता येत नाही म्हणून काम थांबवा?"

"आण्णा निवडून भरतात. त्यांनी मला सांगितलं."

"ते गायधनींना सांगतील?"

सकाळी सुवर्णा निघाली तेव्हा आण्णा भिंतीकडं तोंड करून पडले होते. तिनं हाक मारली होती, त्यांनी ओ दिली नव्हती.

"हे बघा," रविराजचा आवाज मवाळ झाला, "उद्यापासून सिमेंट पूर्वीसारखं करू. ओलावा रोज बघू. पण झालं ते झालं. खांब काही पडत नाहीत लगेच. साइटवर तोंड उघडू नका, प्लीज."

खांब काही पडत नाहीत लगेच. करंजवाडीच्या वाटेवर जीपमध्ये हेच वाक्य तिच्या डोक्यात घोळत राहिलं. नसतील पडत. तीन खांब भक्कम असतील, कदाचित चारही असतील. माहीत नाही, हे दोन शब्द तिला स्वस्थ बसू देत नव्हते. तिनं ओढणीच्या टोकाला गाठ मारली, सोडली, पुन्हा मारली. आज साइटवर आपण बोलायचं, आणि बोललं की नोकरीही जाणार आणि घरात आण्णांना तोंडही दाखवता येणार नाही, एवढं तिच्या मनाशी पक्कं होत आलं होतं. पण कसं बोलायचं ते ठरत नव्हतं. कारण रविराज म्हणत होता ते खरं होतं. तिच्या शब्दाला पुरावा नव्हता. असं उलटं प्रकरण तिनं कधी ऐकलं नव्हतं, की माल चांगला आहे याचे ढीगभर पुरावे आणि तेच नेमके कुचकामाचे.

करंजवाडीला मांडवात बायका-पोरांची गर्दी होती. चार खांब आभाळात गेले होते आणि त्यांच्या डोक्यावर टाकीच्या भांड्याच्या फळ्या बांधून तयार होत्या. पंपाची नळी वर चढवली होती. पहिली गाडी येऊन गरगरत उभी होती, ड्रायव्हर वाल्मीक तिच्या टपावरून ओरडत होता, "लवकर घ्या हो, उन्हाचा माल थांबत नाय!"

आणि मांडवात, पुढच्या खुर्चीवर, आण्णा बसले होते. इस्त्रीचं धोतर, पांढरी टोपी. सकाळच्या यष्टीनं ते सुवर्णाच्याही आधी येऊन पोचले होते. शेजारी सखुबाई लेकीच्या धाकट्याला मांडीवर घेऊन बसल्या होत्या. सुवर्णा जवळ गेली तसे आण्णा खांबांकडं बघायला लागले. शाल घ्यायला आलेत, तिच्या मनात आलं, आणि तिला रडू येईल असं वाटलं.

गायधनी साहेब बारीक चणीचे, चष्मा पुसत बोलणारे गृहस्थ. त्यांनी घड्याळ पाहिलं. रविराजनं माइक घेतला आणि या मातीतल्या माणसाच्या हातात काय जादू आहे वगैरे बोलून आण्णांच्या खांद्यावर शाल घातली. टाळ्या झाल्या. शुभांगीनं तर पोरांनाही टाळ्या वाजवायला लावल्या. "दोन शब्द बोला, आण्णा," रविराज म्हणाला, आणि तिथंच तो चुकला.

आण्णांनी माइक दोन्ही हातांत धरला, पेटत्या पलित्यासारखा, अंगापासून लांब.

"माझे क्यूब लय चांगले हायत आसं समदे म्हनत्यात," ते म्हणाले. "चांगले हायतच. खोटं नाय त्यात. पन ते या खांबांचे नायत."

मांडवात कुणी तरी हसलं.

"टमाट्याच्या क्रेटला आपन वर चांगला माल लावतो. तसा मी क्यूबला लावला. गाडीत चांगला माल आसंल तेवढा उचलला. वाईट आसंल तो सोडला. मला वाटलं, नमुना म्हंजे नमुना. तळाला काय हाय ते मला बी ठावं नाय. माझी सून कालपासनं बोंबलती हाय, ती बरूबर हाय."

"आण्णा गमतीत बोलतात," रविराज माइककडं हात नेत म्हणाला.

"गंमत नाय साहेब. माझी लेक ऱ्हाती हितं."

सुवर्णाला आपण पुढं कधी आलो ते कळलं नाही. "सिमेंट मी कमी केलं," ती गायधनींना म्हणाली. माइक नव्हता, तरी सगळ्यांना ऐकू गेलं. "त्यांच्या क्यूबवरून हिशेब करून मी सही केली. मी तळाला हात घालून बघायला पाहिजे होतं. माझं ते कामच होतं."

गायधनींनी चष्मा पुसला, डोळ्यांवर चढवला, पुन्हा काढला. मग आपल्या जीपकडं गेले आणि एका पिशवीतून स्प्रिंगचा हातोडा घेऊन आले. काँक्रीटवर दाबला की तो आपटून मागं उसळतो. जेवढा जोरात उसळेल तेवढं काँक्रीट टणक. "अंदाजच देतो हा," ते कुणाला तरी सांगितल्यासारखं म्हणाले. "कुठल्या खांबापासून सुरू करू?"

सगळ्यांनी आण्णांकडं पाहिलं. आण्णांनी टाकीकडं पाहिलं, मग टाकीशेजारच्या निळ्या दाराच्या घराकडं, मग सावकाश हात उचलला.

"तिसरा. शुभांगीच्या दाराजवळचा. त्या दिवशी गाडी लयच पातळ आलती. गवंडी खूश झाला, म्हनला माल पान्यावानी बसतो. मी म्हनलं बसू दे खांबात, क्यूबला नको. क्यूब मी मागल्या गाडीतला भरला." त्यांचा आवाज खाली गेला. "मग लेकीकडं जाऊन च्या प्यालो."

गायधनींनी आधी पहिल्या खांबावर हातोडा दाबला. ठण्ण. दुसऱ्यावर ठण्ण. तिसऱ्यावर आवाज निराळाच आला, भिजल्या भिंतीवर थाप मारावी तसा. त्यांनी जागा बदलली, पुन्हा दाबला, खांबाभोवती फिरून चारी बाजूंनी दाबला, चौथ्या खांबावर जाऊन परत तिसऱ्यावर आले. शुभांगीनं न सांगता पुढं होऊन पोरांना खांबापासून ओढून घेतलं.

"पंप बंद करा," गायधनी म्हणाले.

रविराज मटकन खुर्चीत बसला. वाल्मीक टपावरून ओरडला, "मंग या मालाचं काय करू?" तेव्हा कुठं मांडवात श्वास सुटल्यासारखी कुजबुज झाली. सरपंच हुशार निघाले; त्यांनी गाडी शुभांगीच्या घरापुढच्या चिखलाच्या बोळात लावायला सांगितली. टाकी राहिली, बोळ मात्र त्या दिवशी काँक्रीटचा झाला. आण्णांनी खांद्यावरची शाल काढली, घडी घातली आणि कुठं ठेवावी ते न सुचल्यामुळं बराच वेळ हातातच धरून उभे राहिले.

पुढचे दिवस कुणालाच चांगले गेले नाहीत. यंत्रानं खांबांतून नळकांडीसारखे तुकडे कापून काढले, तपासले. तीन खांब निभावले, तिसरा नाही. वरच्या फळ्यांना टेकू देऊन तो फोडायचं ठरलं. फोडायच्या यंत्राचा आवाज गावभर जाई, आणि शुभांगीचा फोन आला की तो आवाज सखुबाईंनाही ऐकू येई. रविराज सुवर्णाशी कामापुरतं बोलू लागला. तिला काढलं नाही; सिमेंट वाढवायचं, वाळू रोज तपासायची, सगळ्या जुन्या कामांचे खांब हातोड्यानं बघत हिंडायचं, एवढं निस्तरायला दुसरं कोण मिळणार होतं? ती हिंडली. प्रत्येक साइटवर ती हातोडा दाबायची, आणि ठण्ण आवाज आला तरी जागा बदलून पुन्हा दाबायची.

आण्णा कामावर आले नाहीत. त्यांना कुणी येऊ नका म्हटलं नव्हतं. ते ओट्यावर बसायचे, पण आता कुणाच्या चुका काढायचे नाहीत, त्यामुळं घर जास्तच सुनंसुनं झालं. "आण्णा, चला ना," सुवर्णा दोनदा म्हणाली. "माझे हात वाईट हायत," ते म्हणाले. "सवय हाय त्यांना. आपोआप निवडत्यात."

तिसरा खांब पुन्हा ओतायचा होता त्या सकाळी ती करंजवाडीला जायला निघाली, तर आण्णा जीपमध्ये आधीच बसलेले. वाटभर ते बोटं मोडत राहिले.

वाल्मीकची गाडी आली. गायधनी स्वतः उभे होते. पहिला माल खांबात गेला, आणि मधेच हातगाडीत थोडा नमुन्याला काढला. आण्णांनी साचे मांडले, तेल लावलं, उकिडवे बसले, फावडी उचलली. त्यांचा हात मालावर आला आणि तिथंच घुटमळला. एक चपटी खडी वरच दिसत होती. त्यांची बोटं तिच्याकडं वळताना सुवर्णाला स्पष्ट दिसली.

मग आण्णांनी मान फिरवली. पार पाठीमागं, शुभांगीच्या निळ्या दाराकडं. आणि तिकडंच बघत, न बघता, फावडी मालात खुपसली, जे आलं ते साच्यात टाकलं, पुन्हा खुपसली. ठासायच्या वेळी तेवढं वळून पाहिलं, नियमाप्रमाणं ठासलं, थापी फिरवली आणि हात मागं घेतला. त्यांच्या कपाळावर घाम आला होता.

दुसऱ्या दिवशी साचे सोडले तेव्हा शुभांगी चहा घेऊन आली होती. एका क्यूबच्या तोंडावर चपटी खडी उघडी पडली होती, बाजूला दोन-तीन भोकं होती. इतका ओबडधोबड ठोकळा आण्णांच्या हातून कधी निघाला नव्हता.

"हे काय, आण्णा?" शुभांगी म्हणाली. "तुमचे तर आरशासारखे असायचे म्हणे."

आण्णांनी ठोकळा उचलून सुवर्णाच्या हातात दिला. तो चांगला आहे की वाईट, हे त्यांना माहीत नव्हतं. तिलाही नव्हतं, आणि ती कितीतरी दिवसांनी शुभांगीच्या पायरीवर खाली बसली, ठोकळा मांडीवर घेऊन.

"खांब जसा हाय तसा ह्यो बी हाय," आण्णा म्हणाले आणि त्यांनी चहाचा कप घेतला.